तेविसावा आरा

३ मार्च

टिणूस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. सहा वर्षांनी लिहितोय, आणि ज्याची शाळा चौथीत सुटली त्या हाताने लिहितोय. तुझी आत्या शेजारी मटार सोलत बसली आहे आणि दर ओळीला विचारते आहे, "हे असं लिहितात का कुणी?"

मला एवढंच विचारायचं आहे की तू बरी आहेस ना? वेळेवर जेवतेस ना? आजारी वगैरे नाहीस ना? कारण तुझं 'छत्तीस आरे' हे गाणं दिसेनासं झालंय.

तू म्हणशील, माझी गाणी कुठे असतात हे बाबांना काय ठाऊक. मला नाही ठाऊक. शेजारचा चष्मेवाला दुकान उघडलं की कॉम्प्युटरवर काहीतरी लावतो, ते भिंतीतून ऐकू येतं, एवढंच.

आत्या म्हणते, खोटं लिहू नकोस. बरं. मीच त्याला लावायला सांगतो. रोज सकाळी, शटर वर केलं की पहिलं काम. दोन वर्षं झाली. आधी 'छत्तीस आरे', मग जे नवीन असेल ते. तो बिचारा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरून उभा असतो आणि मी दारातून ओरडतो, "लाव रे." तो म्हणतो, "काका, तुम्हाला फोन घेऊन देतो, स्वतः लावा." पण मला फोनची भीती वाटते. चुकून काही दाबलं गेलं तर?

तर सोमवारी त्याने लावलं आणि गाण्याच्या जागी काळी चौकट आली. त्याने वाचून दाखवलं: हक्कधारकाच्या तक्रारीवरून हे काढून टाकण्यात आलं आहे.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे काका, कुठलीतरी कंपनी म्हणतेय की हे गाणं त्यांचं आहे. हिने त्यांचं उचललं."

मी हातात पंपाचा वॉशर घेऊन उभा होतो, तसाच उभा राहिलो. उचललं? तू? लहानपणी रस्त्यावर सापडलेला बॉलबेअरिंगचा छर्राही तू मला आणून द्यायचीस, कुणाच्या तरी सायकलचा असेल म्हणून. आणि त्या गाण्यात दुसऱ्या कुणाचं काय आहे? चाक माझ्या दुकानातलं, त्याचे आरे छेडणारी बोटं तुझी, आणि तिसऱ्या मिनिटाला खोकणं माझं. ते तू काढून टाकलं नाहीस, याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. नंतर नाही वाटलं.

कळव. मी काही केलेलं नाही. नुसतं विचारतोय. कुठे काही भरलेलं नाही, कुणाला काही लिहिलेलं नाही.

तुझे बाबा (तुला चालत असेल तर)


११ मार्च

टिणू,

तुझं पत्र आलं. पाच ओळींचं. आत्याने दोनदा वाचून दाखवलं आणि मग मी एकट्याने एकदा वाचलं.

तू लिहितेस, काळजी करू नका. हे तू मला लिहितेस? मी झाकण लावलेल्या डब्याचं झाकण तीनदा तपासणारा माणूस.

मला समजलं ते असं, चुकलं असेल तर सांग. तू प्रत्येक गाण्याखाली लिहितेस: हवं त्याने घ्या, वाजवा, बदला, वाटा. ते वाचून कुणीतरी 'छत्तीस आरे' घेतलं. घेतलं ते घेतलं, पण आपलं म्हणून आपल्या संग्रहात घातलं. तो संग्रह त्या कंपनीने घेतला. आता कंपनीचं यंत्र जगभर आपली गाणी शोधत फिरतं, आणि त्याला तुझं मूळ गाणंच नक्कल वाटलं. तेच गाणं तू दुसऱ्यांदा वाजवून टाकलं होतंस, तेही काढलं. अशा दोन तक्रारी. आणि आता कुणा तिसऱ्याचीच एक तक्रार आली. तीन झाल्या की सगळं चॅनेल बंद. तीस तारखेला. अकरा वर्षांची दोनशे चौदा गाणी.

मी चष्मेवाल्याला म्हटलं, "अरे, कानाने ऐकलं तरी कळेल हे कुणाचं आहे ते."

तो म्हणाला, "काका, तिथे कान नाही. यंत्र आहे. ते ऐकत नाही, नुसतं जुळवून बघतं."

"मग ते यंत्र आउट आहे," मी म्हटलं. चाक आउट, म्हणजे वाकडं असलं की ते ब्रेकला घासतं आणि शिव्या ब्रेकला पडतात, तसंच हे.

मी याचा फार विचार केला. समज, दुकानाबाहेरचा माझा पंप कुणीतरी उचलून नेला. वर 'हवा फुकट' ही पाटीही नेली. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस शिपाई घेऊन आला, म्हणाला, या म्हाताऱ्याने आमच्यासारखा पंप ठेवलाय, काढून टाका. तर मी काय करेन? मी ओरडेन. अख्खी गल्ली गोळा करेन. तू मात्र लिहितेस, जाऊ दे बाबा, नवीन चॅनेल उघडेन, ओळखीच्या तिघाचौघांनी तेच केलं.

त्या चौकटीत तुझ्या नावापुढे जे लिहिलंय त्याचा सरळ अर्थ चोर असा होतो. ते तसंच राहू द्यायचं?

व्यायाम शिकवणाऱ्या त्या बाई तुला माहीत आहेत का? मला चष्मेवाल्याने वाचून दाखवलं होतं, गाण्याखाली त्यांनी लिहिलं होतं. त्या म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून 'छत्तीस आरे'वर हात वरखाली करायला लावतात. छत्तीस मोजले की एक फेरी. आणि तो कुठला शिक्षक, ज्याच्या वर्गातली मुलं तुझ्या गाण्यावर पाढे म्हणतात. दोन वर्षांत मी हे सगळं पाठ केलंय. गिऱ्हाइकांनाही सांगतो. आधी सांगत नव्हतो. आधी कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी म्हणायचो, "आहे तिकडे, बरी आहे."

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ती तिसरी तक्रार, ती कुणाची आहे हे तुम्हा लोकांना कळतं का? म्हणजे नाव वगैरे? कळत नसेल तर बरंच, उगाच मनस्ताप. आणि तक्रार करणाऱ्याने मागे घ्यायची म्हटली तर घेता येते का? मी सहज विचारतोय.

बाबा


१४ मार्च

टिणू,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितोय. उत्तर आलं तर लिहिण्याची हिंमत राहणार नाही.

ती तिसरी तक्रार माझी आहे.

हे वाक्य लिहायला तीन दिवस गेले. आता पुढचं सोपं आहे.

त्या सोमवारी चष्मेवाला म्हणाला की त्या साइटवर तक्रारीचा फॉर्म असतो. मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, दुपारी, आत्ता गिऱ्हाईक आहे. मला कुठला दम निघतोय! मी वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म उघडून दिला आणि त्या पुस्तकं लावायला गेल्या. त्यांना परत हाक मारायची मला लाज वाटली. मग एका बोटाने मीच भरला. दीड तास लागला.

पहिला प्रश्न: आपण मूळ मालक आहात का? मला वाटलं, चाक माझं, दुकान माझं. हो म्हटलं. मग गाण्याची लिंक मागितली. काढलेल्या गाण्याची लिंक उघडेना. म्हणून त्याच चाकावर वाजवलेलं तुझं दुसरं गाणं, 'हवा', ते दिलं. मला वाटलं, नमुना म्हणून लागत असेल. शिंप्याला कापड दाखवतात तसं, की बघा, हे असं आहे, याच्यासारखं कुणी चोरलंय ते शोधा. शेवटी मोठी चौकट होती, काय झालं ते सांगा. तिथे मी लिहिलं: "हे चाक माझे आहे. आवाज माझ्या दुकानातला आहे. चोराला पकडा."

खोटं एक अक्षर नाही. आणि तरी पकडलं ते तुला.

मी घरी येऊन आत्याला म्हटलं, आज मी एक मोठं काम करून आलो. दोन घास जास्त जेवलो, टिणू. तुझं पत्र येईपर्यंत मी आठ दिवस गल्लीतून मान वर करून चालत होतो. मग 'कुणा तिसऱ्याचीच' हे वाचलं आणि तो तिसरा मीच, हे उमगलं. तरी पुढच्या पत्रात मी काय केलं? नाव कळतं का, म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, "तुझ्या अंगात माणूस आहे की ससा?"

काल चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाला आणि दुकानाला आतून कडी लावली. आम्ही दोघांनी मिळून मागे घेण्याचा फॉर्म भरला. कारण काय, असं विचारलं होतं. तो म्हणाला, "गैरसमज लिहू." मी म्हटलं, "मूर्खपणा लिही." त्याने गैरसमजच लिहिलं.

मागे घेतल्याचा ईमेल आज सकाळी आला. माझी तक्रार उतरली. आता दोन राहिल्या, त्या कंपनीच्या.

अजून एक आहे, पण ते आज नाही. एका दिवशी एकच कबुली झेपते.

बाबा


२२ मार्च

टिणू,

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

आत्या तुझं पत्र वाचत होती. "तक्रार करणाऱ्याचं नाव 'सायकलवाला' होतं आणि मजकूर होता 'हे चाक माझे आहे'. बाबा, जगात दुसरं कोण असं लिहील? तुम्ही स्वतःहून सांगता का, ते बघत होते." इथे आत्या वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पंक्चरचा डबा आवरायला घेतला. आवरलेलाच होता.

तू हसलीस असं लिहिलंस. खूप दिवसांनी हसलीस असंही लिहिलंस. मग त्या दीड तासाचं काहीतरी झालं म्हणायचं.

आता कामाचं. तू म्हणतेस, कंपनीला उत्तर द्यायचं तर फॉर्मवर खरं नाव, घरचा पत्ता आणि वर लिहून द्यावं लागतं की वेळ पडली तर कोर्टात उभी राहीन. तुला त्या पत्त्याची भीती वाटते. तीनशे माणसांची कंपनी आणि तू एका खोलीत एकटी. तुझं खरं आहे. मलाही भीती वाटते. मला वीजमीटर वाचायला येणाऱ्या माणसाचीही भीती वाटते. पण यंत्राला आणखी एखादं गाणं सापडलं की परत तीन तक्रारी होणार. तेव्हा पत्ता माझा घाल. दुकानाचा. त्यांचा वकील यायचाच असेल तर इथे येऊ दे. सायकलवर आला तर हवा भरून पाठवतो.

आणि पुरावा मी देतो. ही ती दुसरी कबुली.

ते चाक मी भंगारात दिलं नव्हतं.

तू गेल्यावर आत्याच्या फोनवरून तुला तसं सांगितलं, कारण तेव्हा तुला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं. तू घर सोडलंस त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो होतो, फुकट वाटतात त्याला माल म्हणत नाहीत. म्हणालो होतो, हे चाक आणि तू, दोघांनाही मी वेळेत सरळ करायला हवं होतं. तू पिशवी उचललीस आणि बाहेरच्या पंपाकडे बोट केलंस. "मग ती पाटी काढा," म्हणालीस आणि गेलीस. पाटी मी काढली नाही. तुझ्यामागेही आलो नाही. पाटीखाली उभा राहून एकाच्या चाकात हवा भरत राहिलो, ती इतकी भरली की ट्यूब फुटली.

चाक माझ्या पलंगाच्या वर टांगलेलं आहे. सहा वर्षं. दर महिन्याला कोरड्या फडक्याने पुसतो. आरे आवळायची चावी मात्र लावलेली नाही. हे तुला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही कळणार. पन्नास वर्षं मी चाकांचा आउट काढतोय. एकेक आरा बोटाने छेडायचा, ऐकायचं, सैल बोलला तर पाव फेरा आवळायचा, सगळे एका आवाजात बोलले की चाक सरळ. कुणाकडेही गेलो आणि अंगणात वाकडं चाक दिसलं की माझा हात शिवशिवतो. आणि हे एवढं वाकडं चाक रोज डोळ्यांसमोर, आणि मी हात लावायचा नाही! कारण सरळ चाकाचे छत्तीस आरे एकच बोलतात. हे बिघडलेलं, म्हणून छत्तीस वेगळे बोलतात, म्हणून त्याचं गाणं होतं. मी ते सुधारलं असतं तर तुझं गाणं पुसलं गेलं असतं.

आणि तेविसावा आरा तर तूच घातलेला. नऊ वर्षांची होतीस. तो तुटला म्हणून मला न विचारता सामानाच्या तीनचाकीचा जाड आरा ठोकून बसवलास. बाकी सगळे टिण वाजतात, तो ठक वाजतो. मी तेव्हा तुला रागावलो होतो. तू म्हणालीस, "बाबा, तिथे थांबायची जागा आहे."

मंगळवारी आम्ही व्हिडिओ काढला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. आत्याने बटणं वरपर्यंत लावली, मला गिळता येईना. चाक स्टँडवर चढवलं. चष्मेवाल्याने फोन धरला आणि म्हणाला, "काका, कॅमेऱ्याकडे बघा, पोलिसाकडे बघतात तसं नको." मी पाटीवर तारीख लिहून दाखवली. मग व्हॉल्वच्या भोकापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. एकेक सूर तुझ्या गाण्याच्या क्रमानेच आला. तेविसाव्याला ठक. छत्तीस झाले, परत व्हॉल्व. तुझ्या गाण्याची एक फेरी, अगदी जशीच्या तशी. चष्मेवाल्याने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, मला वाटायचं हे तिने मनाने रचलंय. हे तर चाकातच होतं."

"चाकात होतं," मी म्हटलं, "पण पन्नास वर्षं अशी चाकं माझ्यासमोर होती आणि मला फक्त बिघाड ऐकू आला. गाणं तिला ऐकू आलं."

हे मी मोठ्याने म्हणालो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

मग चष्मेवाल्याने कंपनीचा तो संग्रह शोधून काढला. त्याचं नाव आहे 'गाढ झोपेसाठी मंद संगीत'. तुझंच गाणं, थोडं संथ केलेलं. आम्ही कान लावून बसलो. तेविसाव्याला ठक. आणि तिसऱ्या मिनिटाला, टिणू, त्यांच्या गाढ झोपेच्या संगीतात मी खोकतो! खोकतो आणि लांबून म्हणतो, "अगं, चावी कुठे ठेवलीस?" आत्या हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "याने जन्मात कुणाला झोपू दिलं नाही, आणि ही कंपनी याच्या जिवावर झोपवतेय."

त्यांना विचार, हा खोकणारा माणूस कोण आहे, त्याचं नाव सांगा. सांगता येणार नाही. मला येतं.

व्हिडिओची लिंक चष्मेवाला तुला पाठवतो आहे. त्याच्या दुकानाच्या चॅनेलवर ठेवलाय. उद्या फॉर्म पाठव. घाबरू नकोस. मी घाबरतोय तेवढं दोघांना पुरेल.

बाबा


८ एप्रिल

टिणू,

आली! काल सकाळी शटर वर केलं, मी ओरडलो, "लाव रे," आणि भिंतीपलीकडून टिण आलं. मी मोजत उभा राहिलो. तेविसाव्याला ठक ऐकला तेव्हा खाली बसलो, टायरच्या ढिगावर.

तू सांगितलंसच की कंपनीने मुदतीत कोर्टात जायचं होतं, ती गेली नाही. माफीही मागितली नाही. चुकलं म्हणून एक ओळ नाही. मी चष्मेवाल्याला म्हटलं, "यांना सॉरी म्हणायला काय वीज लागते?" तो म्हणाला, "काका, आली ना परत? सोडा." मी सोडणार नाही, पण गाणं ऐकताना थोडा वेळ सोडलं.

गाण्याखाली तू नवीन ओळ घातलीस ती त्याने वाचून दाखवली. "चाक बाबांचं. तेविसावा आरा माझा. खोकणंही बाबांचं." मग मी ती स्वतः वाचली. मग एका गिऱ्हाइकाला वाचायला लावली. त्याची घाई होती, त्याला ब्रेकचे रबर हवे होते. आधी वाच म्हटलं, मग रबर.

आता दुकानात लोक चाक बघायला येतात. परवा दोन मुली आल्या, म्हणाल्या, एकदा वाजवून दाखवा ना. मी म्हटलं, हे काय तमाशाचं दुकान आहे का? आणि वाजवून दाखवलं. एक बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी हे सगळं फुकट देते? मग तिचं भागतं कसं?" सहा वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. मी त्यांना बाहेर नेलं, पाटी दाखवली. म्हटलं, "ही पाटी चाळीस वर्षं आहे. हवा भरायला आलेला माणूस कधीतरी पंक्चर काढायला येतोच. आणि नाही आला तरी त्याचं चाक चालतं." मग आत येऊन लक्षात आलं की हे तू मला त्या दिवशी एका बोटाने सांगून गेली होतीस. मला कळायला सहा वर्षं लागली. चौथीत सुटलेल्या माणसाच्या मानाने लवकर.

मे महिन्यात येतेस म्हणालीस. कुठल्या तारखेला, कितीच्या गाडीने, ते कळव. गाडी उशिरा आली तर स्टेशनवर एकटी बाहेर पडू नकोस, मी आत येतो. तुझ्या खोलीतली खिडकी नीट लागत नाही, ती दुरुस्त करतोय. चाक खाली उतरवून ठेवलंय. पलंगावरची भिंत ओकीबोकी दिसते, पण आत्या म्हणते तू आलीस की आम्ही भिंतीकडे बघणार कशाला.

आता खरी बातमी. ही सांगायला म्हणून तर कागद घेतला.

काल तुझी गाणी परत आली, आणि त्याच दुपारी चष्मेवाला धावत आला. एक चष्मा हातात, एक डोक्यावर. "काका, तुमच्यावर तक्रार आली!"

मला आधी घामच फुटला. मी म्हटलं, आता काय भरलं मी? मी तर वाचनालयाच्या दारातही गेलो नाही.

"भरलं काही नाही. तुमचा व्हिडिओ. कंपनी गप्प बसली, पण त्यांच्या यंत्राला कुणी सांगितलेलं दिसत नाही." आणि त्याने वाचून दाखवलं: आपल्या व्हिडिओतील वादन नोंदणीकृत ध्वनिमुद्रणाशी जुळते.

मी म्हटलं, परत वाच. त्याने वाचलं. म्हटलं, अजून एकदा.

टिणू, हे बघ. ते ध्वनिमुद्रण तुझं. वाजवलेलं तुझ्या बोटांनी. आणि मी माझ्या बोटांनी, इतक्या वर्षांनी, घट्ट बटणाच्या शर्टात वाजवलं, आणि त्या यंत्राला, ज्याला कान नाही, जे फक्त जुळवून बघतं, त्याला दोघांत फरक सापडला नाही.

मला शाळेचा दाखला नाही. आउट काढायचं शिकलो त्याचं कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. आजवर माझ्या नावाने आलेले कागद म्हणजे बिलं. हा पहिला कागद, ज्यावर लिहिलंय की मी कुणासारखा तरी आहे. मी त्याला म्हटलं, छापून दे. त्याने छापून दिला. पंपाच्या पाटीखाली काचेत लावलाय. आत्या म्हणते, जगात लोक बक्षिसं लावतात, याने तक्रार लावली.

चष्मेवाला म्हणाला, "आता उत्तर द्यावं लागेल. कारण लिहा." त्याने चौकट उघडली. मी विचारलं, "किती लिहायचं?" म्हणाला, "हवं तेवढं. नियम, कायदा, पुरावा."

मी त्याला एवढंच टाइप करायला लावलं: "जुळणारच. मी तिचा बाप आहे."

तो म्हणाला, "काका, हे कारण होत नाही."

मी म्हटलं, "तू पाठव."

तुझे बाबा